सिस्टरांचं घमेलं

आमच्या आरोग्य केंद्राने शुद्ध पाण्याच्या बाबतीत कधीही तडजोड केली नाही. निदान चौघांच्या बाबतीत तरी केली नाही, आणि ते चौघे मासे होते.

राजूरच्या रस्त्यावरच्या त्या गावात मी औषधं वाटायला होतो. केंद्रात नळ होते, नळांना पाणी नव्हतं. उन्हाळ्यात टँकर येई तेव्हा येई. अशा ठिकाणी आधीच्या डॉक्टरांनी काचेची पेटी आणून तिच्यात चार सोनेरी मासे सोडले. फीत कापून उद्घाटन झालं. भाषणांत मनःशांतीचा उल्लेख वारंवार झाला. पाणी कोण बदलणार, याचा झाला नाही. मग डॉक्टरांची बदली झाली आणि मासे सिस्टरांकडे आले.

सिस्टरांना मासे आवडत नसत. "मला काय कौतिक न्हाई ह्यांचं," त्या म्हणायच्या, "पण पोरं सुई पाहून पळतात आन् मासे पाहून येतात. मासे म्हंजी माझी अर्धी लस हाय." हे खरं होतं. लसीच्या वारी पोरं स्वतःहून आयांना ओढत आणत. सिस्टर त्यांना काचेपाशी उभं करत आणि मागून दंड धरत.

नवे डॉक्टर आले ते ऐन टंचाईत. "सिस्टर, बाळंतिणीला पाणी नाही आणि तुम्ही माशांना बादल्या ओतता," ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच सिस्टरांना ते लागलं. "महिनाअखेर जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. तोवर पाण्याला वास आला, तर पेटी बाहेर."

"केंद्राची एक बादली घेणार न्हाई. मंग तर झालं?" सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याकडून जुनं घमेलं आणलं. त्याला भोक पाडून सलाइनची वापरलेली नळी बसवली, आत बारीक खडी भरली आणि मोरीपाशी माजलेलं अळू आणि कर्दळ उपटून तिच्यात लावली. घमेलं दोन पट्ट्यांवर पेटीच्या डोक्यावर चढलं. पेटीतलं पाणी मगाने वर ओतायचं, ते खडीतून आणि मुळांतून झिरपून नळीने थेंब थेंब खाली. खिडकीतल्या मनीप्लांटची मुळंही त्यांनी पाण्यात सोडली. मी शंका काढली तेव्हा म्हणाल्या, "मोरीची घाण खाऊन अळू माजतं, तसं ह्यांची खाऊन माजंल. तुम्ही मगानं ओता, कंपाउंडर."

दिवसभर मगामागून मग ओतावे लागत. त्यासाठी सिस्टरांनी रांगेला कामाला लावलं. नंबर लागण्याआधी प्रत्येकाने एक मग ओतायचा. तापाने फणफणलेला माणूसही ओतायचा. लोकांना तो उपचाराचाच भाग वाटे, आणि काहींना त्यानेच बरं वाटे. उन्हाने जेवढं पाणी उडे, तेवढं सिस्टर आपल्या वाटणीचं आणून भरत. टँकरच्या पाण्यातली क्लोरीनची पावडर उडावी म्हणून ते आधी अंगणात शिळं करून ठेवत. रोज सकाळी डॉक्टर येत, पेटीवर वाकत, वास घेत आणि आत जात. सिस्टर तेव्हा सुया उकळत असत, पण त्यांची पाठ ऐकत असे.

साहेब यायच्या सकाळी अळूची पानं सुपाएवढी झाली होती आणि पाण्याला वास नव्हता. फक्त जरा पिवळट झाक होती. ती शेवंतामावशींना खटकली. त्या आमच्याकडे झाडलोट करत. टँकरचं पाणी सगळं गाव तुरटी फिरवूनच पितं. मावशींनी चांगला लिंबाएवढा खडा पेटीत फिरवला आणि फिरवतच राहिल्या.

"सायेब येऊन राह्यलेत, म्हून निवळ केलं जरा," त्या म्हणाल्या.

पाणी काचेसारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. एक आडवा झाला. मावशी रडायला लागल्या. डॉक्टर बाहेर आले, पाहिलं आणि म्हणाले, "माठातलं पाणी घाला."

"ते पेशंटचं हाय," सिस्टर म्हणाल्या.

त्या क्वार्टरवर गेल्या आणि स्वतःची शिळी बादली घेऊन आल्या. टँकर आल्याला तीन दिवस झाले होते. ती त्यांची शेवटची बादली होती. अर्धी पेटी उपसून ती आत ओतली. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "चला, बिलकुल थांबायचं न्हाई." रांगेत मग हातोहात फिरत राहिला. दोन मासे गेले. सिस्टरांनी ते घमेल्यात, कर्दळीखाली पुरले.

जीप आली तेव्हा लोक ओततच होते. "हे काय?" साहेबांनी विचारलं.

"झाडं," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी अळूचं पान बोटांनी चाचपलं. "वड्या चांगल्या होतील," म्हणाले आणि आत गेले.

जीप गेल्यावर सिस्टर बाकावर बसल्या. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. "आज लस कुनाकुनाची?" त्यांनी विचारलं.

पुढे त्यांची पिंपळगाव रेणुकाईकडे बदली झाली. निरोपाच्या भाषणात डॉक्टर म्हणाले, हे गाव तुम्हाला कधीही विसरणार नाही. त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

परवा एक मिशीवाला तरुण माझ्याकडे औषध घ्यायला आला. लहानपणी केंद्रात यायचा, म्हणाला. मासे त्याला आठवत होते, घमेलं आठवत होतं, मग ओतल्याचंही आठवत होतं.

"आणि सिस्टर?" मी विचारलं.

"कोणत्या सिस्टर?" त्याने जरा विचार केला. "न्हाई बा. मासे मातर दोनच व्हते."

ते त्याने बरोबर सांगितलं.