अण्णांची पातळ वाटी

फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या प्रयोगशाळेत वजनकाट्यासमोर उभी होते. नमुना तोलून झाला होता, आकडा वहीत उतरवायचा राहिला होता. फोन कलबुर्गीहून होता, अण्णांच्या खालच्या घरात राहणाऱ्या शांतक्कांचा. त्या सहसा फोन करत नाहीत. "यव्वा, लगीच निघ," एवढेच त्या म्हणाल्या. मी विचारले, "दवाखान्यात नेलं का?" तोवर त्यांनी फोन ठेवला होता. मी आकडा वहीत लिहिला, काटा बंद केला आणि मग खाली बसले. तो आकडा बरोबर होता की नाही हे मी तीन आठवड्यांनी पुन्हा तपासले. बरोबर होता. का तपासला, ते सांगता येणार नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले मामा. माझ्या आईसकट सगळे घर त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही. मामी मला कळू लागण्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. कलबुर्गीच्या तुरीच्या बाजारात एका अडत दुकानात ते माल पारखायचे काम करत. पोत्यातून मूठभर तूर काढायची, त्यातला एक दाणा दाढेखाली फोडायचा आणि माल किती ओला आहे ते सांगायचे, हे त्यांचे काम. पुढे दुकानात ओलावा मोजायचे यंत्र आले, तरी शेतकरी आधी अण्णांच्या तोंडाकडे पाहत. मी एकदा त्यांना म्हटले, "यंत्र तुमच्यापेक्षा अचूक असतं." ते म्हणाले, "असंल की. पर मशिनला दात कुठं हायत?" बारावीनंतर मी आमच्या गावाहून, करजगीहून, शिकायला त्यांच्याकडे आले आणि पाच वर्षे त्यांच्या दोन खोल्यांत राहिले. एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही स्वयंपाकाला बसवले नाही. "तू वाच," म्हणायचे, "भाकरी मला बी येतीया." आणि खरोखरच यायची, पातळ आणि कडक. निरीक्षण म्हणजे काय हे मी विज्ञानाच्या पुस्तकातून शिकले असे मी मुलाखतींत सांगते. खरे तर ते मी दाण्याला दात लावून डोळे मिटणाऱ्या या माणसाकडून शिकले.

माझे आहारशास्त्रातल्या एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष चालू असताना त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. डॉक्टरांनी घरी सोडताना गोळ्या लिहून दिल्या आणि तेल कमी करायला सांगितले. रिक्षातच अण्णा मला म्हणाले, "तुरीचं मला इचार, तेलाचं तू बघ." मी बघितले. बाविसाव्या वर्षी माणसाला जेवढा आत्मविश्वास असतो तेवढ्या आत्मविश्वासाने मी आलेखाच्या कागदावर चवळीच्या उसळीची कृती लिहून काढली. आमच्या भागात चवळीला अलसंदी म्हणतात. ती लवकर भिजते, लवकर शिजते आणि दिवसभर बाजारात उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर अर्ध्या तासात ताटावर बसू शकतो, म्हणून ती निवडली. सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या. कांदा अख्खा आचेवर भाजून मग चिरायचा, म्हणजे परतायला तेल लागत नाही. फोडणीला मोजून एक लहान चमचा तेल, त्यात जिरे आणि ठेचलेला लसूण. करपेल असे वाटले तर तेलाऐवजी पाण्याचा हबका. मग टोमॅटो, हळद, काळे तिखट. शेवटी शिजलेल्या चवळीतली एक पळीभर बाजूला काढून घोटायची आणि परत पातेल्यात घालायची, म्हणजे रस्सा आपोआप दाट होतो. कागदाला मी प्लास्टिकचे आवरण घातले आणि ओट्यामागच्या भिंतीवर चिकटवला. अण्णांनी तो वाचला आणि कृतीत आपली एकच पायरी घातली: शिजवण्याआधी एक चवळी फोडून चावून बघायची. आत कोरडा ठिपका असेल तर अजून थांबायचे.

दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली तेव्हा कोलेस्टेरॉलचे आकडे हलले नव्हते आणि वजनही तेवढेच होते. मला हे पटेना. त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून त्यांचा स्वयंपाक पाहिला. कांदा भाजलेला, तेल एकच चमचा, तोही काठोकाठ न भरलेला. सगळे कागदाबरहुकूम. आणि मग त्यांचा हात सवयीने वरच्या फळीकडे गेला, पितळी डबा खाली आला आणि दाण्याच्या कुटाची एक मूठ पातेल्यात पडली. पाठोपाठ दुसरी.

"अण्णा, हे काय करायलाव?"

"कामून? कूट हाय की."

"कुटात तेल असतं!"

"तेल बाटलीत हाय बाई. ह्यो दाणा हाय. चमचा बघ, एक थेंब जास्ती घातलो न्हाई."

या बाजूला राहिलेल्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. आमच्याकडे भाजी, आमटी, उसळ यांतले काहीही कूट पडल्याशिवाय पूर्ण होत नाही. तो जिन्नस म्हणून मोजतच नाहीत, जसे पाणी मोजत नाहीत. मी चिमूटभर कूट वहीच्या कागदावर ठेवला, दुसऱ्या कागदाने दाबला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला. डागातून पलीकडचा उजेड दिसत होता. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेलच असतो, हे मी त्यांना समजावले. ते बराच वेळ तो कागद उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दोन महिने मी आपल्यालाच फसवत होतो म्हण की..." आणि कूट दोन मुठींवरून एका चमच्यावर आला. तिथे मी थांबायला हवे होते. शेंगदाणा हृदयाचा वैरी नसतो, प्रश्न फक्त प्रमाणाचा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण प्रमाण सांगण्यापेक्षा बंदी सांगणे सोपे असते, आणि बंदी सांगणाऱ्याचा आवाज जास्त खात्रीचा वाटतो.

त्या वर्षी येळवसला आम्ही सगळे करजगीच्या शेतात जमलो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. उभ्या पिकात सारे घर जेवायला बसते, मडक्यातली आंबील असते आणि सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे घालून शिजवलेली भज्जी. त्या भज्जीत शेवटचा कूट अण्णांच्याच हाताने पडायचा. आदल्या दिवशी कलबुर्गीत दाणे भाजून, कुटून, तोच पितळी डबा मांडीवर घेऊन ते बसने येत. हे कधीपासून चालत आले होते कुणाला ठाऊक नाही. पण डबा उघडला की मुले पातेल्याभोवती गोळा होत. अण्णांनी डबा उघडला, आणि मी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांच्यापुरती भज्जी आधी बाजूला काढू या, असे मी म्हणू शकले असते. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला मरायचंय का?"

पंचवीस-तीस माणसे होती. धाकटी मावशी तडकून म्हणाली, "काय ग, आमच्या अण्णाला शिकवायलीस व्हय?" अण्णाच हसले. "शिकवू द्या की. त्यासाठीच तर शिकायला ठिवलाव तिला." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मरायचं न्हाई ग. तुझं डाक्टर होणं बघायचंय अजून." डबा त्यांनी माझ्या आईकडे दिला आणि ते रिवाजाप्रमाणे आंबील शिंपडायला पिकात गेले. त्या वर्षी भज्जीत कूट आईने घातला. अण्णांनी भाकरी आणि आंबील तेवढी खाल्ली. माफी मागायचे माझ्या मनात होते. परतीच्या बसमध्ये ते झोपले होते, दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, आणि नंतर ते राहूनच गेले.

त्यानंतर अण्णांनी कूट सोडला. मी संशोधनासाठी हैदराबादला गेले, तरी महिन्यातल्या एका शनिवारी गाडी पकडून त्यांच्याकडे यायची, आणि जेवणात तीच चवळीची उसळ असायची. अण्णा आत वाटी भरत आणि ताट बाहेर आणून देत. पहिल्या घासालाच मला माझ्या कृतीचा अभिमान वाटे. दाटपणा होता, गोडसर खमंगपणा होता. मी विचारायची, "बघा, कुटावाचून काही अडलं का?" ते म्हणायचे, "कुठं काय अडलंय? खा." त्यांची वाटी नेहमी थोडी पातळ दिसायची. म्हातारा माणूस वरवरचे वाढून घेतो, दाट मला ठेवतो, असा मी तर्क केला होता. निरीक्षण माझ्यापाशी होते. प्रश्न मी विचारला नाही. त्यांचे वजन उतरले, आकडे सुधारले. आमच्या संस्थेने हृदयरुग्णांसाठी एक पुस्तिका काढली, तिच्यात मी ही कृती दिली आणि खाली लिहिले: 'घरी चार वर्षे करून पाहिली आहे. चवीत फरक पडत नाही.'

मी पोहोचले तेव्हा अण्णा त्यांच्या नेहमीच्या सतरंजीवर होते. दुसरा झटका दुपारी आला, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नव्हता. ओट्यावर एका पातेल्यात चवळी भिजत घातलेली होती, दोघांना पुरेल एवढी. दुसरा दिवस शनिवार होता. मी सकाळच्या गाडीने येणार होते. घरात चूल पेटायची नव्हती, जेवण खालून शांतक्का आणत होत्या. सगळे आटोपून मी ओट्याशी गेले तेव्हा चवळीला मोड आले होते. शांतक्कांनी ते पातेले माझ्या हातातून घेतले आणि नेऊन गाईला घातले.

तेरावा झाला, पाहुणे गेले. घर रिकामे करून द्यायचे म्हणून मी एकटीच मागे राहिले. त्या संध्याकाळी मी भिंतीवरचा कागद समोर ठेवून उसळ केली. चवळी दाताखाली फोडून पाहिली, मगच कुकर लावला. मीठ बरोबर होते, शिजली बरोबर होती, आणि तरीही ती उसळ पोकळ लागत होती, जणू चवीचा अर्धा भाग यायचाच राहिला होता. चूक माझ्याकडूनच झाली असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे तोलून-मापून पुन्हा केली. तीच चव. मग वाटी घेऊन मी खाली शांतक्कांकडे गेले आणि माझे काय चुकते आहे ते विचारले.

त्यांनी बोट बुडवून चाखले. "काय बी चुकलं न्हाई. अण्णा ह्येच तर खात होते रोज."

"पण मी यायची तेव्हा अशी लागत नव्हती."

शांतक्कांनी वाटी माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. "तुला ठाऊक न्हाई?" मग कोपऱ्यातल्या खलबत्त्याकडे हात करून म्हणाल्या, "तू यायच्या आदल्या दिवशी हितं बसून दाणे कुटायचे. पोरगी तिकडं काय खातीया कुणास ठाऊक, म्हणायचे. तुझ्या वाटीत दोन चमचे. आपल्या वाटीत कायच न्हाई. मी म्हणलं, तुमी बी घ्या की चिमूटभर, तिला काय कळतंय? तर म्हणाले..." त्यांनी पदराने डोळे पुसले. "म्हणाले, तिला कळत न्हाई, म्हणूनच घेयाचं न्हाई."

चार वर्षे, रोज, कुणी पाहत नसताना. आणि महिन्यातून एकदा माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडून माझ्याच कृतीची स्तुती ऐकत. ते नाराज होते का, आनंदात होते, येळवसचे ते वाक्य त्यांच्या मनात राहिले होते का... हे आता कोणत्याच पद्धतीने तपासता येणार नाही. तपासता येते ते एवढेच: पुस्तिकेतले माझे वाक्य चुकीचे आहे. चवीत फरक पडतो. पुष्कळ पडतो. तो फरक एका माणसाने स्वतःच्या वाटीत ठेवला आणि मला दिसू दिला नाही. नव्या आवृत्तीसाठी मी दुरुस्ती पाठवली आहे. कृतीत एक चमचा कूटही घातला आहे, प्रमाण लिहून.

कलबुर्गीहून मी दोनच वस्तू आणल्या. भिंतीवरचा कागद आणि पितळी डबा. डब्यात त्या शनिवारसाठी कुटलेला कूट आहे, दोन-तीन वाट्यांना पुरेल एवढा. आता सहा आठवडे झाले. दाण्यातले तेल हवेने बिघडते, कूट खवट होतो, ही क्रिया मी कागदावर पायरी-पायरीने मांडून दाखवू शकते. दर शनिवारी उसळ शिजली की मी झाकण उघडते, वास घेते. वास दर वेळी थोडा अधिक कडवट असतो. मग झाकण लावते आणि माझी वाटी तशीच, पातळ, घेऊन बसते. त्यांनी ती चार वर्षे खाल्ली. मला अजून तिची सवय झालेली नाही.