चतकोर भाकरी

हातावर स्पिरिट चोळलं की घनसावंगीच्या घरातली ती दुपार आठवते. आदल्या हिवाळ्यात फ्लूनं माझ्या दमेकरी वडिलांना पार खंगवलं होतं, तरी लस घ्यायला ते तयार नव्हते. "अंड्यात बनवलेली सुई बिलकुल नको, गळ्यात माळ हाय," म्हणायचे. ओसरीवर ते जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, "दादा, मी काम करते तिथल्या लशीत अंडं न्हाई. आम्ही विषाणू पेशींत वाढवतो." "कशाच्या पेशी?" क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग सांगून टाकलं, "फार वर्षांमागच्या एका कुत्र्याच्या. त्या अजून वाढून राह्यल्यात." "त्याला मारलं व्हतं का?" "मला माहीत न्हाई, दादा." मग चतकोर भाकरी मोडून त्यांनी अंगणातल्या कुत्र्यापुढं ठेवली, त्याचं खाऊन झाल्यावरच पहिला घास घेतला आणि हात धुऊन म्हणाले, "चल दवाखान्यात." काल आमच्या लशीच्या टाकीत, त्याच पेशींवर, विषाणू कधी नव्हे इतके वाढले. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. मी डब्यातली चतकोर भाकरी घेऊन गेटबाहेर गेले.