थाळी वाजली की मावशींनीही थांबायचं

कुंदामावशींना साठ वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या गौरवग्रंथात माझेही चार शब्द असावेत, असं मंडळींनी सुचवलं. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि सूनबाई लिहून घेते. तिनं मधे काही गोड घातलं असेल तर ते तिचं समजावं.

मावशी पहिल्यांदा आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी आल्या, ते माझी नात मुक्ता हिच्यासाठी. शाळेत एकदा तिचं उत्तर चुकलं, सगळा वर्ग हसला. तेव्हापासून चारचौघांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. घरात मात्र माझ्यापाशी टकळी चालू. शेवटी तिला शाळेतून काढलं. आणखी काही घरं आपली लहान लेकरं घरीच शिकवत होती. त्या सगळ्यांना एकत्र बसवून वर्ग आखायचं काम मावशींनी अंगावर घेतलं होतं. मला वाटलं, बाई आता मुक्ताची वही मागतील. त्यांनी विचारलं, "आजी, मोरी कुठं आहे? आणि या खोलीत ऊन कधी येतं?"

मी म्हटलं, "घर विकायचं नाय आम्हाला."

त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "लहान लेकरांचा वर्ग मोरीपासूनच आखावा लागतो हो!"

दर रविवारी सगळे आईबाप आमच्या बैठकीत जमायचे. कोण काय शिकवणार, बसायच्या कामानंतर उड्यांचं काम कोणतं, खाणं कधी, हे सगळं मावशी ठरवायच्या. प्रत्येक वर्ग आधी माझ्यावर चालवून बघायच्या. डुलकी लागून माझी मान लवली की वर्ग कापायचा! एका कारखान्यातल्या साहेबांनी ढग शिकवायला घेतले. पाऊस पडायच्या आधीच मी घोरायला लागले. साहेबांचा अर्धा वर्ग गेला आणि त्या जागी लंगडी आली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मावशी रोज एका लेकराला माझ्या खाटेपाशी पाठवायच्या. आज काय शिकलो ते त्यानं मला सांगायचं. "तपासणीला सुटी नाही, आजी," असं दारातूनच बजावायच्या. घरातलं माणूस एवढी विचारपूस करत नाही.

पण मला अभिमान आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. कुठलाही वर्ग पक्का करण्याआधी मावशी विचारायच्या, "यात मुक्ता काय करील?" बोलावं न लागणारं काम तिच्यासाठी शोधून काढायच्या. एक आई कुरकुरली, "एका पोरीपायी एवढं?" मावशी म्हणाल्या, "व्हय. तुमच्या लेकाला गरज पडली की त्याच्यापायी करू."

मग त्यांनी मुक्ताच्या हाती पितळी थाळी आणि लाटणं दिलं. वेळ संपली की तिनं वाजवायचं आणि शिकवणाऱ्यानं तिथंच थांबायचं. नेम सगळ्यांना एकच.

इकडं कन्नड गावचे पाहुणे माझ्या लेकाचे कान भरत होते, "पोरीचं वाटोळं करताय." लेकानं निर्णय सांगितला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाय बोलली, तर परत शाळा." घरात जेवण गोड लागेना. मावशींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "तिला बोल म्हणून कुणी म्हणू नका."

दिवाळी तोंडावर आली. मावशी सुगरणीचा खोपा घेऊन पाखरांविषयी सांगत होत्या आणि लईच रंगल्या होत्या. मुक्तानं थाळी वाजवली. मावशी म्हणाल्या, "हो हो, एवढं एकच सांगते..." आणि त्या एकाचे तीन झाले. मुक्ता उठली, पुन्हा थाळी बडवली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "मावशी, थाळी वाजली! नेम तुम्हीच केलाय ना? बसा आता!"

लेक दारातच उभा होता. मावशी खोपा मांडीवर घेऊन मटकन खाली बसल्या. "चुकलं हो माझं. पुढचा वर्ग कोणाचा?" कुणी टाळ्या वाजवू नयेत म्हणून आम्हा मोठ्यांकडं असे डोळे वटारले, की माझा वर आलेला हात मी डोक्यावरच्या पदराकडं नेला.

नंतर स्वयंपाकघरात बघते, तर बाई डोळे पुसताहेत. मी म्हटलं, "काय मावशी, एवढ्याशा पोरीनं गप्प केलं!"

"करू द्या की, आजी. आजवर कुणाला जमलं नव्हतं."

"मुद्दाम लांबवलंत का?"

"नाही हो, खरंच भान सुटलं."

लेकानं त्या दिवशी शाळेचं नाव काढलं नाही. पाणी प्यायला आत आला आणि मावशींना म्हणाला, "फराळाचा वर्ग आमच्याकडंच ठेवा. करंज्या मी शिकवतो." त्याच्या करंज्या तेलात फुटल्या, तो भाग सूनबाईला गाळू दिला नाही.

आता मुक्ता चारचौघांत बोलते, भांडतेही. सत्काराच्या दिवशी व्यासपीठाशेजारी थाळी घेऊन तीच बसणार आहे. लांबण लावणाऱ्या वक्त्यांनी सांभाळून असावं. मावशी, तुमचे गुडघे धड राहोत, आवाज खणखणीत राहो आणि पोरांचा गलका तुमच्या कानांना गोड लागत राहो. तुमच्या आयुष्याला मात्र मी मुक्ताला थाळी वाजवू देणार नाही. तिथं खुशाल म्हणा, "एवढं एकच सांगते", आणि लांबवत राहा.