तात्या मिळाले का?

आमच्या ह्यांना देवानं धीर तेवढा दिला नाही. गेल्या वर्षी माझे सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, सकाळी कुणाला न सांगता लेकीकडं वडगाव निंबाळकरला गेले. फोन घरातच चार्जिंगला. दुपारपर्यंत ह्यांनी आमचं सगळं निरवांगी गाव पालथं घातलं आणि थेट फेसबुकवर टाकलं, आमचे वडील हरवले आहेत, दिसल्यास कळवा. खाली स्वतःचा नंबर. फोटो आमच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तारीख घालायचं भान कुणाला? संध्याकाळी नणंदेचा फोन आला, तात्या तिच्याकडं जेवून झोपले होते.

ह्यांनी पोस्ट लगेच काढली. पण तोवर कुणीतरी ती उचलून इंदापूर-बारामती दोन्ही तालुक्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकली होती आणि तिथून ती काही निघेना. महिने लोटले तरी लोकांना वाटायचं, आजचीच आहे. बारामतीच्या स्टँडवर एका कंडक्टरनं तात्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि आम्हाला फोन केला. इंदापूरच्या बाजारात एका भाजीवालीनं त्यांची पिशवीच धरून ठेवली. अहो, तात्या वांगी घेत होते, हरवले नव्हते!

नणंद कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "वहिनी, हितं नवं वर नि जुनं खाली असं नसतंय. ज्याच्याखाली लोकं बोलत ऱ्हात्यात, ते फोन सारखं वर आणतो." बघितलं तर खरंच, रोज कुणीतरी विचारत होतं, "मिळाले का?" आणि आमचे हे, भारी सभ्य माणूस, प्रत्येकाला लिहीत होते, "मिळाले, धन्यवाद." म्हणजे विझत आलेल्या चुलीत फुंकर घरातूनच चालली होती.

मला त्या फोनचा असा राग आला. आजचं आज सांगावं, कालचं मागं ठेवावं, एवढी साधी रीत. शिळं अन्न ताजं म्हणून वाढणाऱ्या बाईला आमच्याकडं कुणी दारात उभं करायचं नाही.

पण खरा जीव पोळला तो तात्यांचा. "मी काय दावं तोडून सुटलेलं जनावर हाय व्हय?" म्हणाले आणि बाजाराला जायचंच सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून. चालताफिरता माणूस असा घरी बसलेला मला बघवत नव्हता.

यंदा उन्हाळ्यात चष्म्याची काच फुटली, म्हणून नाइलाजानं इंदापूरला गेले. दुकानदारानं चष्मा ठेवून घेतला. स्टँडवर पाटी वाचता येईना, तात्या चुकून पुण्याकडच्या गाडीत बसले आणि चूक कळल्यावर मध्येच हायवेला उतरले. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक, दुपारची गाडी आली आणि तात्या आले नाहीत, फोन पुन्हा घरातच. त्यांना साखरेचा आजार, उपाशी राहिले की साखर उतरून भान हरपतं; पोटात सकाळचा घास, बाहेर ऊन मी म्हणतंय.

ह्यांनी पुन्हा पोस्ट टाकली. या वेळी तारीख, वेळ, सदऱ्याचा रंग, सगळं शहाण्यासारखं. नणंद आणि मी सोडून तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मनात नको नको ते येत होतं.

दिवेलागणीला ह्यांचा फोन वाजला. डाळजजवळ हायवेला चहाचं हॉटेल चालवणारी बाई बोलत होती. "तुमचे वडील हरवलेत ना? माझ्याकडं बसलेत. गावाचं नाव सांगता येईना. साखर घालून चहा पाजला, आता बरं हाय."

"आमची पोस्ट आत्ता बघितली का?" ह्यांनी विचारलं.

"आत्ताच वर आली की. फेट्यातला फोटो. नाकावरनं वळखलं मी."

ती जुनी पोस्ट होती. मी तिथंच पायरीवर बसले आणि पोटभर रडून घेतलं.

तात्यांना घेऊन येताना हे म्हणाले, "त्या ग्रुपवाल्याला गाठतो आणि ती पोस्ट एकदाची काढायला लावतो."

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "ती हाय तवर मला हरवायची सोय न्हाय."

पुढच्या बाजाराला नवा चष्मा लावून, पिशवी घेऊन ते एकटेच निघाले. मी अडवलं नाही. दुपारी ग्रुपवर पुन्हा कुणीतरी विचारलं, "मिळाले का?" ह्यांच्या हातातला फोन घेऊन मीच लिहिलं, "बाजारात आहेत. दिसले तर चहा पाजा, बिनसाखरेचा."