साखळीतला डावा कोपरा

त्याचा हात हातात घेतला की आधी टोचायची ती करंगळी. लहानपणी कधीतरी मोडलेली, कुणी नीट बसवली नाही, ती तशीच बाहेर वाकलेली राहिली. बाकीचा पंजा नारळाच्या सोडणासारखा खरखरीत. बारा वर्षं तो पंजा माझ्या हातात होता. बायकोचाही हात मी इतका वेळ धरला नसेल, आणि हे तिच्यासमोर म्हणायची माझी बिशाद नाही.

कबड्डीत बचाव करणारे गडी एकमेकांचे हात धरून उभे राहतात, त्याला साखळी म्हणतात. आमच्या साखळीत अगदी डाव्या टोकाला तो असायचा आणि त्याच्या शेजारी मी. त्याचा उजवा हात, माझा डावा. म्हणून तो कोपरा आणि त्याला शेजारून आधार देणारा मी कव्हर. बोर्ली पंचतनच्या अलीकडे आमचं भातशेतीचं गाव, तिथे टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं. त्याच्या लग्नाची पत्रिका वाचून गावातल्याच एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "ह्यो नवरा कनच्या गावचा?" मलाही त्याने जन्मभर कव्हर म्हणूनच हाक मारली.

मैदानात तो तोंड उघडायचा नाही. आम्ही बाकीचे सहाजण घसा फाटेस्तोवर ओरडायचो, हा गप्प. बोलायचा तो हाताने, आणि फक्त माझ्याशी. एकदा दाबलं की 'धरून ठेव, अजून वेळ आहे.' दोनदा दाबलं की 'सोड, मी निघालो.' मी सोडला रे सोडला की हा खाली झेपावायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या मुठीत असायचा. मग तो गडी मधल्या रेषेकडे नुसता हात पसरत राहायचा. "कोपऱ्यानं पाय शोधत जायाचं न्हाय," कोपरा म्हणायचा. "पाय आपनहून येतो. वाट बघता आली पायजे बस."

खेळाआधी त्याचं एक काम ठरलेलं. आम्ही अंग मोकळं करत असायचो आणि हा मैदानात उकिडवा बसून खडे वेचायचा. सदऱ्याच्या ओच्यात गोळा करून कुंपणापलीकडे टाकायचा. समोरच्या संघाच्या बाजूचेसुद्धा! आम्ही चिडवायचो, अरे, त्यांचं अंगण कशाला झाडतोस? तो म्हणायचा, "एक खडा म्हंजे एक गुडघा. गुडघा काय आपला आनि परका?"

आणि गुडघा गेला तो त्याचाच, माझ्यामुळे. आडपडदा कशाला ठेवू?

माणगावला सामने होते. न्हावा शेव्याच्या एका कंपनीचे साहेब पोरं बघायला आले होते. खेळाडू म्हणून दोघांना नोकरीत घेणार, अशी बातमी. त्यातला एक कोपरा, याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. दुसरा कोण, यावर आमची खुसफुस चाललेली. दुपारचा उपान्त्य सामना, शेवटची दोन मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा सगळ्यात दांडगा गडी चढाईला आला. माझ्या हातावर एकदा दाब आला. मी धरून राहिलो. मग दोनदा दाब आला, अगदी स्पष्ट.

मी सोडला नाही. मला वाटलं, हा चुकला तर सामना गेला, आणि सामन्याबरोबर माझी नोकरी गेली. एक पळभर धरून ठेवला, एवढंच. पण तोवर त्याने अंग खाली टाकलेलं होतं. वरून मी ओढतोय, खालून तो गडी त्याला रेटतोय, आणि मधे त्याचा गुडघा. आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. तो मातीत आडवा पडला होता आणि विचारत होता, "सुटून गेला काय रं तो?"

"गेला," मी म्हटलं.

साहेबांनी दोघांना घेतलं. त्यातला एक मी.

त्यावरून कोपरा मला एका शब्दाने बोलला नाही. मी त्याच्या ओटीवर बसून रडलो, तर म्हणाला, "तू घाबरलास. घाबरतो मानूस. आता तिकडं जाऊन नीट खेळ, माझं नाव घालवू नको." मी न्हावा शेव्याला गेलो, चार वर्षं कंपनीकडून खेळलो, नंतर कंटेनरच्या याद्या तपासत बसलो, तो आजतागायत. सुट्टीला गावी आलो की कळायचं, कोपरा मैदानाच्या वाटेने जात नाही. बाजाराला जायचं तरी नदीकडून वळसा घालतो. एकदा मी बोर्लीच्या बाजारात कुणाला तरी कौतुकाने सांगितलं, "हा आमचा कोपरा. काय खेळायचा म्हणून सांगू!" तो माणूस गेल्यावर कोपरा माझ्यावर केवढ्याने खेकसला! "खेळायचा, खेळायचा! मंग आता मी कोन हाय, ते सांग की त्याला!" हातातली मेथीची जुडी घेऊन मी तसाच उभा राहिलो.

त्याचं उत्तर त्याला समुद्रात सापडलं. आमच्या किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले होते, आणि बाहेरच्या माणसाला ओहोटीची ओढ कळत नाही. एका दुपारी एक बाई आत ओढली गेली. काठावर सगळे ओरडत होते. हा लंगडत पाण्यापर्यंत गेला आणि पाण्यात शिरल्यावर त्याचं लंगडणं संपलं. बाईला वेणीला धरून बाहेर आणली. शुद्धीवर आल्यावर ती त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही कोण?" हे सांगताना कोपरा हसायचा आणि डोळेही पुसायचा. "कव्हर, तिला कबड्डी बिबड्डी कायबी ठावं नव्हतं बघ. मी म्हनलो, मी हितला. बस."

ग्रामपंचायतीने त्याला पिवळा टी-शर्ट आणि शिट्टी दिली. टी-शर्टच्या पाठीवर नंबर नाही म्हणून पहिले आठ दिवस याला चैन पडेना. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, काळ्या कापडाचा चार शिवून दिला. त्याचा खेळातला नंबर. पुढे धुऊन धुऊन तो चार उसवला आणि एक दिवस गळून पडला. मी विचारलं, नंबर कुठे गेला रे? त्याने मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "व्हय की! कधी गेला काय म्हाईत." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आपलं पाप थोडं हलकं झालं, असंच वाटलं म्हणा ना.

खडे वेचायची सवय मात्र सुटली नाही. पहाट झाली की हा वाळूतल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा ओच्यात गोळा करायचा. भजीवाल्या मावशींना, घोडागाडीवाल्यांना, आमच्या जुन्या संघातल्या दोघांना त्याने साखळी शिकवली. मनगटाला मनगट, सगळ्यात पुढे तो. आणि खुणा त्याच: एकदा दाबलं की धर, दोनदा दाबलं की सोड. त्या साखळीने किती माणसं बाहेर काढली, त्याने कधी मोजलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आली ती आली. तू पान्यात जाऊ नको म्हंजे झालं."

गणपतीनंतरचा आठवडा. मी रजेवर होतो आणि त्याच्याबरोबर किनाऱ्यावर चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात एक तरुण आत गेला, विशी-बाविशीचा. कोपऱ्याने शिट्टी मारली, साखळी झाली, आणि साखळीत त्याच्या लगेच मागे मीच उभा राहिलो. किती वर्षांनी तो हात हातात आला! तीच करंगळी. छातीभर पाण्यात पोचलो. तो तरुण पुढे दोन हातांवर, डोकं वर-खाली होतंय, डोळे आमच्याकडे. पलीकडून मोठी लाट उठलेली. कोपऱ्याने एकदा दाबलं. थांबलो. मग दोनदा दाबलं.

मी सोडला नाही.

तुम्ही म्हणाल, पुन्हा? हो, पुन्हा. या वेळी नोकरी नव्हती, काही नव्हतं. मला ती लाट दिसली, त्याचा तो गुडघा आठवला, आणि माझी मूठ उघडेचना. तो वळून ओरडला, "सोड रं! अरं सोड!" मैदानात कधी न ओरडलेला माणूस. मी दोन्ही हातांनी धरला. लाट आमच्या डोक्यावरून गेली. पाणी ओसरलं तेव्हा पुढे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी त्या तरुणाचं प्रेत सापडलं. तोवर त्याचे वडील त्याच्या चपला मांडीवर घेऊन वाळूत बसून होते, आणि कोपरा त्यांच्या शेजारी. मी पाणी घेऊन गेलो तर दोघांनीही घेतलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना मी म्हटलं, "तू मेला असतास रे." तो थांबला. शांतपणेच बोलला, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "मैदानात माझा गुडघा गेला, तो माझा होता. मी सोडून दिलं. ह्यो पोरगा काय माझा होता, सोडून द्यायला? मी पोचलो असतो का न्हाय, ते मला म्हाईत होतं. तू कोन ठरवनार?" मग म्हणाला, "लोकांनी मला, तू कोन, असं इचारलं तर सांगाया माझ्याकडं येवढं एकच होतं, कव्हर."

त्याने काम सोडलं नाही. पण त्यानंतर मी कधी किनाऱ्यावर असताना शिट्टी झाली आणि मी धावलो, की तो न बघता म्हणायचा, "तू वर थांब. दोरी धर." भजीवाल्या मावशी साखळीत, काल आलेला घोडागाडीवाला साखळीत, आणि त्याच्याशी बारा वर्षं खेळलेला मी वाळूत दोरीचं टोक धरून उभा. घरी गेलो तर वागणं पूर्वीसारखंच; वहिनी घावणे करायच्या, तो मुलांची चौकशी करायचा. मी दर वेळी माफीचा विषय काढायचो आणि तो म्हणायचा, "चहा घेतोस ना?" सहा वर्षं हे असंच चाललं. मी दोरी धरत राहिलो.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला नेला, उघडून बघितलं आणि तसाच शिवला. शेवटी माणगावच्या दवाखान्यात आणून ठेवला. वहिनींचा फोन आला तसा मी निघालो. पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. एवढा उंचापुरा गडी, चादरीखाली कुठे आहे ते शोधावं लागत होतं. वहिनी औषध आणायला खाली गेल्या. डाव्या बाजूला स्टूल होतं, त्यावर मी बसलो. त्याच्या हाताला हात लावायचं धाडस होत नव्हतं. सहा वर्षांत त्याने तो दिलाच नव्हता ना.

त्याने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"कव्हर, तू चुकीच्या बाजूला बसलायस."

मी उठलो. स्टूल उचलून पलीकडे, त्याच्या उजव्या बाजूला नेलं. त्याचा हात चादरीबाहेर आला आणि चाचपडत माझा डावा हात शोधू लागला. मी दिला. खरखरीतपणा सगळा गेला होता, लहान मुलासारखा मऊ झाला होता पंजा; करंगळी तेवढी तशीच. मी मनात म्हटलं, कोपऱ्या, या वेळी तू दोनदा दाब आणि बघ. तुझी शपथ, लगेच सोडतो.

त्याने एकदा दाबलं.

मी थांबलो. दुसऱ्याची वाट बघितली. त्यानेच शिकवलं होतं वाट बघायला. दुसऱ्यांदा दाब आलाच नाही. आता लोक म्हणतील, ताकद उरली नसेल. असेलही तसं. मी ते स्वतःला हजारदा सांगून पाहिलंय. पण बारा वर्षं मी ती बोटं वाचली आहेत. ते एकदाच होतं. धरून ठेव.

मी धरून ठेवला. वहिनी वर आल्या, त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली पडली. डॉक्टर येऊन गेले. वहिनींना बायकांनी बाहेर नेलं. नर्स माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, सोडा आता." मला ऐकू आलं होतं, मूठ उघडत नव्हती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, "सोडा काका."

दोनदा झालं. मग मी सोडला.