माझ्याच अक्षरातलं शिफारसपत्र

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी साडेतीन. कॉलेजचा गणित विभाग, सरांची खोली. हजर: विभागप्रमुख सर, खुर्चीत. माझ्या वर्गातले दोघं, एक डॉक्टरांचा मुलगा आणि एक कारखानदाराचा, बाकावर; दोघंही सरांच्या घरच्या क्लासला जाणारे. शिपाई मामा दारात. मी उभी.

कोण कुठं होतं हे टिपून ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

सरांच्या हातात माझ्या अर्जाचं पान होतं. एक मोठी संस्था उन्हाळ्यात बी.एस्सी.च्या मुलांना सहा आठवडे बोलावून गणिताचं संशोधन करू द्यायची. 'तुम्हाला आवडलेली एक गणिती कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडा,' असं अर्जात होतं. सरांनी चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

"गणित विभागात मेंढरं कुणी सोडली रे?"

दोघं हसले. डॉक्टरांच्या मुलानं 'बेंऽऽ' करून दाखवलं. मामा जमिनीकडं बघत राहिले.

पानावर माझी आई होती. तिला विसाच्या पुढं मोजता येत नाही. संध्याकाळी मेंढ्या रानातून आल्या की ती जाळीतली कोकरं सोडते. प्रत्येक कोकरू आपल्या आईला जाऊन लुचतं. एखादी मेंढी ओरडत उभी राहिली तर कोकरू कमी. एखादं कोकरू फिरत राहिलं तर मेंढी रानात राहिली. आकडा एकही लागत नाही. मोजणं म्हणजे जोड्या लावणं, असं मी लिहिलं होतं. खालच्या अर्ध्या पानात पुढचं होतं. कळप कधीच न संपणारा असेल आणि प्रत्येक मेंढीला जुळी असतील, तरीही एका मेंढीला एकच कोकरू अशी जोडी लावता येते. कुणी उरत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सिद्धता तीन वेळा खोडून लिहिली होती.

सर तिथपर्यंत पोचलेच नाहीत.

अर्जासोबत शिफारसपत्र लागायचं. सर पत्रं स्वतः लिहीत नसत. ते इंग्रजीतून सांगायचे आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहून घ्यायची. सगळ्यांची. त्या दिवशी आधी त्या दोघांची झाली. 'असामान्य बुद्धी', 'स्वतंत्र विचार'. मीच लिहिलं. सरांनी सह्या केल्या, पाकिटं चिकटवली, चिकटवलेल्या कडेवर परत सही केली. नियमच तसा होता.

"हं, आता तुझं. घे लिहून."

मी लिहिलं. विद्यार्थिनी कष्टाळू आहे. आकलन मर्यादित आहे. इथं पेन थांबलं.

"थांबलीस का? गंगापूरची गाडी चुकंल तुझी."

मी पुढं लिहिलं. मागास घरातून आलेली आहे. एखादी राखीव जागा असल्यास विचार व्हावा. सरांनी सही केली. पाकिटात घातलं नाही.

"तुझ्यापासून काय लपवायचं? तूच तर लिहिलंय."

मी "थँक्यू सर" म्हणाले. हे वाक्य गाळावंसं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

पत्र मला हवंच होतं. घरी वडिलांनी, आबांनी, अट घातली होती. "कुण्या शिकल्या माणसानं लिहून दिलं का, ही पोर पुढं शिकायच्या लायकीची हाय म्हणून? दिलं तर मी नाय अडवत. नायतर मे महिन्यात कळपासंगं चल."

त्या दिवशीची गाडी चुकलीच. दुसऱ्या दिवशी एसटीनं गंगापूर, तिथून जीप, मग पायी. आमच्या मेंढ्या एका बागायतदाराच्या रानात खतासाठी बसवल्या होत्या. ऊन उतरलं होतं. आबा मेंढ्यांच्या पाठीवर गेरू लावत होते, आमच्या कळपाची खूण म्हणून.

"दिलं का लिहून?"

आबांनी हात धोतराला पुसले आणि कागद कडेनं धरला. त्यांना वाचता येत नाही. एसटीत मी ठरवूनच आले होते की खोटं वाचायचं. 'मुलगी हुशार आहे, पुढं शिकवा.' तोंडपाठ केलं होतं. मी तोंड उघडायच्या आधी आबाच बोलले.

"हे तर तुझं अक्षर हाय."

त्यांनी एका अक्षराखाली बोट ठेवलं.

"ह्या लांब शेपट्या तुझ्याच. सायबानं नाय लिहिलं?"

"सर सांगत होते. मी लिहिलं."

"काय सांगितलं?"

मग मी खरं वाचलं. मराठीत करून, शब्दाला शब्द. आई कोकरं सोडायची थांबली.

आबांनी गेरूचं फडकं पुढच्या मेंढीच्या पाठीला टेकवलं, तिनं पाय झाडले.

"बघ. हे बी सरळ लावू देत नाय. आन् तू सोताच्या हातानं लावून घेतलंस व्हय?"

सरांच्या हसण्यानं झालं नव्हतं ते ह्या वाक्यानं झालं. रात्रभर मी माझा उजवा हात अंगाखाली दाबून पडले होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार. तीच खोली. सर एकटेच. मी पत्र टेबलावर ठेवलं.

"सर, हे खोटं आहे. मी पाठवणार नाही. आणि आजपासून कुणाचंच पत्र लिहून घेणार नाही."

"मग अर्ज अर्धवट राहील तुझा."

"राहू द्या."

"माज आलाय."

तशीच पोस्टात गेले आणि अर्ज पत्राशिवाय रजिस्टर केला. वर एक ओळ लिहिली होती: शिफारस करणारं कुणी नाही, कृपया पान वाचावं.

एप्रिलमध्ये अर्ज परत आला. 'अपूर्ण.' पान कुणी वाचलं की नाही, ते कळलं नाही. ते दोघं त्या संस्थेत गेले. आबांनीही शब्द फिरवला नाही. मे महिन्यात मी कळपामागं चालले. शेवटचं वर्ष दोन वर्षं उशिरा झालं. जुळ्या कोकरांची माझी सिद्धता बरोबर होती, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. एम.एस्सी.च्या वर्गात बाई तेच फळ्यावर लिहीत होत्या, मेंढ्यांशिवाय. कुणीतरी ते फार पूर्वीच करून ठेवलं होतं. मी वही मिटून बाहेर जाऊन रडले.

आता मी त्या कॉलेजच्याच शहरात गणित शिकवते. शहराचं नाव बदललं. शिफारसपत्रांची रीत थोडीशीच बदलली आहे: मसुदा विद्यार्थ्यानं करायचा, सही आपण. गेल्या आठवड्यात सिल्लोडची एक मुलगी आली. असाच उन्हाळी कार्यक्रम. माझ्या यादीत त्या दिवशी नऊ कामं होती. मान वर न करता मी म्हणाले, "मसुदा तूच करून आण, मी सही करते."

काल ती घेऊन आली. मी पेन उघडलं. पहिलं वाक्य होतं, 'विद्यार्थिनी कष्टाळू आहे.' तिच्याच अक्षरात.

ती उभी होती. मी तिला बस म्हणालेसुद्धा नव्हते.

"हे फाड," मी म्हणाले. "तू केलेलं गणित ठेवून जा. पत्र मी लिहिते."

"मॅडम, पन गुरुवार आखरी तारीख हाय."

"माहीत आहे. बस आधी."

तिची चार पानं माझ्यासमोर आहेत. दुसऱ्या पानावरची एक पायरी मला कळत नाही. तीन वेळा वाचून झालं. कळेपर्यंत वाचणार. नाहीच कळली तर पत्रात तसंच लिहीन, की इथं मी अडले, ती अडली नाही. पण न वाचता सही करणार नाही, आणि तिच्याबद्दलचा एक शब्दही तिच्या हातून लिहून घेणार नाही.

आज मंगळवार. यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर काट मारली आहे. पत्र लिहायचं राहिलं आहे.