उरलीसुरली ओढ

आमच्या शेडमध्ये पत्र्याचे तुकडे साठतात तसे किस्सेही साठतात. तुकडे भंगारात जातात, किस्से मी सांगत सुटतो.

फरीदाबादच्या या शेडमध्ये आम्ही तिघं मराठी माणसं उघड्या चाकांची रेसिंग कार बनवतो. हवेचं गणित बापट सरांचं, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. पत्रा-फायबर माझं. चालवते ऋता, जन्मापासून दिल्लीच्या द्वारकेतली. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "हवा गाडीला मागे ओढते. ती ओढ कमी करायची, बस." ऋताने 'ओढ' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून शेडमध्ये कुणी ड्रॅग म्हणत नाही, ओढच म्हणतात.

*

हवा आरशालाही अडते, म्हणून छोटा आरसा घ्यायला मी करोल बागेत गेलो. दुकानदाराने विचारलं, "कौन सी गाड़ी है?" मी फोटो दाखवला. ना छत, ना दरवाजे. तो म्हणाला, "भाईसाहब, पहले बाकी गाड़ी तो ले लो."

*

हवा कशी वाहते ते कळायला गाडीवर लोकरीचे तुकडे चिकटवतात. धागा फडफडला की समजायचं, इथे गडबड आहे. सरांनी घरून लाल लोकर आणली. दोन दिवसांनी बापटकाकू आल्या, गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अहो, ही माझ्या स्वेटरची बाही आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी बाहीही पाठवली. अशी बाई बघितली नाही मी.

*

सरांनी मागच्या पंखाला एक फळी बसवली. सरळ रस्त्यावर बटण दाबलं की ती आडवी होते आणि ओढ कमी होते. वळण आलं की परत उभी. गाडीचे मालक म्हणाले, "शनिवारी वेग वाढला नाही, तर विकतचा पंख लावू." सरांची दोन वर्षांची मेहनत होती त्यात.

शनिवारी पहिल्या फेरीत फळी हललीच नाही. सर वाकून पंख तपासू लागले. बघतो तर बिजागरीत लाल धागा! सरांनी तो काढून खिशात ठेवला. दुसऱ्या फेरीत गाडी अशी सुटली की मालक घड्याळ बघून म्हणाले, "विकतचा कॅन्सल." खरं सांगतो, ऊर भरून आला माझा.

ऋता गाडीतून उतरते तोच तिच्या आईचा फोन. हातात ग्लोव्हज, म्हणून मी स्पीकरवर धरला.

"ऋता, तीन रविवार घरी आली नाहीस. ओढ म्हणून काही उरलीच नाही का गं?"

"बिल्कुल नाही, आई," ऋता अभिमानाने म्हणाली. "उरलीसुरली होती ती आज सरांनी काढून टाकली."



"त्या सरांना दे बघू फोन."